फोर्ट रॉबिन्सन: दाणा-वैरणीवर चाललेला किल्ला

अमेरिकेत नेब्रास्का राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, व्हाइट रिव्हर नावाच्या एका लहानशा नदीकाठी फोर्ट रॉबिन्सन आहे. 1874 पासून 1948 पर्यंत तिथे अमेरिकी लष्कर होतं. रायगड किंवा दौलताबाद डोळ्यांसमोर ठेवून कुणी गेलं, तर त्याला किल्ला सापडणारच नाही. तट नाही, बुरूज नाही, खंदक नाही. मधोमध परेडचं मोकळं मैदान, एका बाजूला अधिकाऱ्यांची घरं, समोर शिपायांच्या बरॅक, त्यांच्या मागे घोड्यांच्या पागा आणि पलीकडे गवताच्या गंजी. आपल्याकडच्या लष्करी छावणीशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे.

तट नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. मैदानी प्रदेशातल्या लकोटा, शायान, अरापाहो या मूळनिवासी जमाती घोड्यावरून लढत. अचानक छापा घालायचा आणि पांगायचं, ही त्यांची रीत. वेढा घालून आठवडेच्या आठवडे बसायला त्यांच्याकडे ना रसद होती ना हौस. त्यामुळे ठाण्याला खरी भीती असायची ती कुरणातली घोडी आणि खेचरं पळवून नेण्याची आणि लाकूडतोडीला गेलेल्या टोळीवरच्या हल्ल्याची. किल्ल्याची ताकद मोजायची ती भिंतीच्या जाडीवर नाही. तिथून पन्नास घोडेस्वार निघाले तर ते किती लांब जाऊन धड परत येतील, यावर. आणि हे सगळं अवलंबून होतं पोटावर, माणसाच्या आणि त्याहून जास्त घोड्याच्या. या ठाण्याची जागा, त्याच्या लढाया, त्याची भरभराट आणि त्याचं उतारवय या सगळ्यांच्या मुळाशी दाणा, वैरण आणि शिधा आहे. त्या बाजूने पाहिलं की बराचसा गुंता सुटतो.

शिधावाटपाच्या शेजारी

1868 च्या फोर्ट लॅरमी तहानुसार लकोटांना मोठा राखीव प्रदेश मिळाला आणि त्यांना शिधा पुरवण्याची हमी अमेरिकी सरकारने घेतली. शिकारीची मैदानं आक्रसत होती, रानम्हशी झपाट्याने संपत होत्या, म्हणून हा शिधा हाच अनेकांचा आधार झाला. तो वाटण्याच्या सरकारी ठाण्याला ‘एजन्सी’ म्हणत. ओगलाला लकोटांचे नेते रेड क्लाउड यांच्या नावाची एजन्सी 1873 मध्ये व्हाइट रिव्हरकाठी हलवण्यात आली. तिथे गोमांस बहुतेक वेळा जिवंत गुरांच्या रूपात मिळे. पीठ, कॉफी, साखर वेगळी.

शिधा किती द्यायचा हे ठरवायला माणसं मोजावी लागतात आणि मोजून घ्यायला लोक तयार नव्हते. कडाक्याच्या थंडीत उत्तरेकडच्या, तह न मानणाऱ्या टोळ्याही एजन्सीत येऊन राहायच्या, त्यामुळे तणाव वाढत गेला. 9 फेब्रुवारी 1874 रोजी एजन्सीतला कारकून फ्रँक अ‍ॅपलटन मारला गेला. त्याच दिवशी, बऱ्याच अंतरावर, लॅरमी शिखराजवळ लाकडाच्या गाड्यांबरोबर गेलेले लेफ्टनंट लेव्ही रॉबिन्सन आणि त्यांच्याबरोबरचा एक कॉर्पोरल मारले गेले. मार्चच्या सुरुवातीला गोठवणाऱ्या थंडीत फोर्ट लॅरमीहून सुमारे साडेनऊशे घोडदळ आणि पायदळ निघालं आणि एजन्सीशेजारी तळ पडला. त्याला मेलेल्या लेफ्टनंटचं नाव दिलं: कॅम्प रॉबिन्सन. 1878 मध्ये ‘कॅम्प’चा ‘फोर्ट’ झाला.

मे 1874 मध्ये तळ एजन्सीपासून दीडेक मैल पश्चिमेला, सोल्जर क्रीक हा ओढा व्हाइट रिव्हरला मिळतो तिथे हलवला. जागा नीट पारखून घेतली होती. बारमाही पाणी, आजूबाजूला कापता येईल असं गवत, उत्तरेच्या टेकड्यांवर पाइनची झाडं. पाणी, गवत, लाकूड या तीन गोष्टी मैदानी प्रदेशात एकत्र फार कमी ठिकाणी सापडतात. एजन्सी जवळ, पण छातीवर बसल्यासारखी नाही, हाही हिशेब होताच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एजंट सॅव्हिल यांनी एजन्सीत झेंड्यासाठी खांब आणवला. आपल्या वस्तीत लष्कराचा झेंडा नको म्हणून लकोटा तरुणांनी कुऱ्हाडीने त्याचे तुकडे केले. लेफ्टनंट एमेट क्रॉफर्ड जेमतेम 26 स्वार घेऊन आले आणि शेकडो संतप्त माणसांच्या गराड्यात सापडले. त्यांना वाचवलं ते यंग मॅन अफ्रेड ऑफ हिज हॉर्सेस या ओगलाला नेत्याने आणि त्याच्या माणसांनी, मध्ये घोडी घालून. किल्ला म्हणजे लगेच धाक, असं चित्र मनात असेल तर हा प्रसंग लक्षात ठेवावा.

बांधकाम

पहिल्या इमारती पाइनच्या ओंडक्यांच्या होत्या. शिपायांनीच झाडं तोडायची, ओंडके रचायचे आणि फटींत चिखल लिंपायचा. ओलं लाकूड वापरलं की ते सुकताना आक्रसतं, लिंपण गळतं आणि हिवाळ्यात त्या फटींतून वारा आणि बर्फाची भुकटी आत येते. म्हणून दर शरद ऋतूत नव्याने लिंपण करावं लागे. गार्डहाउस, म्हणजे पहाऱ्याची आणि कैद्यांची कोठडी, आणि त्याच्या शेजारचं अ‍ॅडज्युटंटचं, म्हणजे ठाण्याचं कागदोपत्री काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं, कार्यालय, या दोन ओंडक्यांच्या बसक्या इमारतींचं नाव पुढे इतिहासात कायमचं राहिलं.

1887 मध्ये ठाणं वाढवलं तेव्हा उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची घरं बांधली. पक्की वीट बाहेरून आणण्यापेक्षा हे स्वस्त पडायचं आणि जाड भिंतीमुळे घर हिवाळ्यात उबदार, उन्हाळ्यात गार राहायचं. कच्च्या विटेचा शत्रू पाणी. छपराची वळचण पुरेशी पुढे काढली नाही किंवा पायथ्याशी पाणी साचलं की भिंत खालून झिजत जाते. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या घरांत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एका घोड्याचं पोट

अमेरिकी घोडदळातला शिपाई मराठी लष्करी भाषेत बारगीर होता, शिलेदार नव्हे. घोडा सरकारचा, खोगीर सरकारचं, हत्यार सरकारचं. घोडे साधारण पाच ते नऊ वर्षांचे, पंधरा-सोळा मुठी उंच, सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोंचे घेतले जात. डाव्या खांद्यावर ‘यूएस’ असा डाग दिला जाई आणि निकामी ठरलेल्या घोड्यावर ‘आयसी’, म्हणजे तपासून बाद केलेला.

सरकारी नियमाने एका घोड्याला दिवसाला 14 पौंड वाळलेलं गवत आणि 12 पौंड दाणा मिळे. किलोत सांगायचं तर सव्वासहा किलोंहून थोडं जास्त गवत आणि जवळपास साडेपाच किलो चंदी. दाणा म्हणजे ओट, मका किंवा बार्ली. खेचराला गवत तेवढंच, दाणा 9 पौंड.

आता साठ घोड्यांचं एक पथक धरा. दिवसाला सुमारे 380 किलो गवत आणि 325 किलो दाणा. वर्षाला जवळपास 140 टन गवत आणि 120 टन दाणा, तेही एकाच पथकाला. घोडदळाच्या एका रेजिमेंटमध्ये अशी बारा पथकं असत, म्हणून ती एका ठाण्यावर सहसा ठेवतच नसत. वेगवेगळ्या ठाण्यांवर दोन-चार, दोन-चार अशी पथकं वाटून देत. घोडदळ इतकं विखुरलेलं का होतं, याच्या कारणांत हे एक मोठं कारण आहे.

गवत जवळच मिळे. ठेकेदार ऑगस्टच्या आसपास कापून, वाळवून, तोलून देई. इथे दोन घोटाळे ठरलेले. गवत पुरतं न वाळवता गंजीत रचलं तर ते आतून तापतं, बुरशी धरतं आणि फारच तापलं तर आपोआप पेटतं. बुरशीचं गवत खाल्लेल्या घोड्याला पोटशूळ होतो किंवा कायमची धाप लागते. दुसरा घोटाळा माणसांचा: तोल वाढवायला काट्यावर ओलं गवत घालायचं. गवत घेताना अधिकारी स्वतः उभा राही तो म्हणूनच.

दाणा मात्र लांबून यायचा. रेल्वे जवळ येण्याआधी सोयीचं रेल्वे स्टेशन म्हणजे युनियन पॅसिफिक मार्गावरचं सिडनी, सुमारे 120 मैल (190 किलोमीटर) दक्षिणेला. सहा खेचरांची गाडी 3,000 पौंड माल घेऊन निघाली असं धरू. दिवसाला पंधरा ते वीस मैल या चालीने जायला आठवडा, यायला आठवडा. सहा खेचरं दिवसाला 54 पौंड दाणा खाणार, चौदा दिवसांत 756 पौंड. म्हणजे गाडीतला एक चतुर्थांश माल गाडी ओढणाऱ्यांच्याच पोटात. उरलेल्यावर आपलं साठ घोड्यांचं पथक तीन दिवस काढतं, चौथ्या दिवशी दुपारच्या आत कोठार रिकामं. पाऊस पडून चिखल झाला किंवा नॉर्थ प्लॅट नदीला पूर आला की सगळं गणित कोसळतं. व्यवहारात खेचरांना वाटेत चरायला सोडून दाणा वाचवत. पण चरायला वेळ द्यायचा तर चाल मंदावते, म्हणजे बचत इकडून तिकडे.

लकोटांचे घोडे वेगळ्या घडणीचे होते: लहान, काटक, निव्वळ गवतावर जगणारे. उन्हाळ्यात ते सरकारी घोड्यांना सहज दमवत. हिवाळ्यात मात्र बर्फाखालचं सुकं गवत आणि झाडांच्या साली खाऊन ते हाडांचे सापळे होत आणि वसंतात नवं गवत येईपर्यंत सावरत नसत. दाणा पोटात असलेला सरकारी घोडा हिवाळ्यात चालू शकतो, म्हणून लष्कराने हिवाळी मोहिमांवर भर दिला. तोच घोडा दाण्यावाचून आठवडाभर पळवला तर लकोटांच्या घोड्याच्याही आधी बसतो. दोन्ही बाजूंचे सेनापती हे पक्कं ओळखून होते.

पथकाचा दिवस

पहाटे बिगूल, हजेरी आणि लगेच पागेचं काम. घोड्यांना दाणा-वैरण घालून, खरारा करून, खुरं साफ करून मगच शिपायाने न्याहारीला जायचं. दुपारी चारच्या सुमारास हेच पुन्हा. खरारा घोडा चकाकावा म्हणून करत नाहीत. पाठीवर सुकलेला घाम आणि माती राहिली की खोगिराखाली ती सँडपेपरसारखी घासते आणि दुसऱ्या दिवशी जखम तयार. पाठ लागलेला घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार.

खोगीर मॅक्लेलन जातीचं असे. लाकडी सांगाडा, मध्ये कण्याच्या वर लांब मोकळी फट, आणि खाली सहापदरी घडी घातलेली घोंगडी. घोंगडीला एक सुरकुती राहिली, तंग सैल राहिला किंवा दमलेला स्वार एका कुशीला कलून बसला की पाठ सोलवटलीच. म्हणून कूच सुरू झाल्यावर पहिल्या तासाभरातच थांबायचं, तंग पुन्हा आवळायचे, कारण चालताना घोड्याचं पोट थोडं आत जातं. मग चाल, दुडकी, आणि मधूनमधून स्वाराने उतरून घोडा हाती धरून चालायचं. सिनेमातली भरधाव दौड प्रत्यक्षात क्वचितच. दिवसाला पंचवीस-तीस मैल ही टिकणारी चाल. प्रत्येक स्वाराकडे नालांची तयार जोडी आणि खिळे असत. पथकात नालबंद, खोगीर दुरुस्त करणारा, दोन बिगूलवाले आणि गाडीवान ठरलेले.

लढाईत बहुतेक वेळा उतरून लढायचं. चौघांतला एक जण चारही घोडे धरून मागे थांबे. म्हणजे साठ स्वारांच्या पथकातून गोळीबाराला जेमतेम पंचेचाळीस. हातात 1873 ची स्प्रिंगफील्ड कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, एका वेळी एकच गोळी. तिची काडतुसं तांब्याची. नळी तापली की मऊ तांबं आत चिकटे, खेचणीने नुसती कडा तुटून येई आणि मग चाकूने काडतूस उकरत बसावं लागे. चामड्याच्या पट्ट्यात राहून काडतुसांवर हिरवी कीट चढली असेल तर हे जास्तच. ती पुसून ठेवणं हे रोजच्या कामांपैकी एक.

साध्या शिपायाला महिना 13 डॉलर. रोजचा शिधा सुमारे 340 ग्रॅम खारवलेलं डुकराचं मांस किंवा 570 ग्रॅम ताजं गोमांस, 510 ग्रॅम पीठ, शिवाय घेवडा, कॉफी, साखर, व्हिनेगर. भाजीपाला शिध्यात नव्हताच, म्हणून स्कर्व्हीची धास्ती, आणि म्हणून प्रत्येक ठाण्याची आपली भाजीची बाग. यात एक मजेदार पळवाट होती. पिठाचा पाव केला की पाण्यामुळे वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. शिपायाला पाव तोलून दिला की पीठ शिल्लक राही. त्या पिठाचे पैसे ठाण्याच्या फंडात जात आणि त्यातून बियाणं, वाचनालयाची पुस्तकं, वर्तमानपत्रं येत. लष्करी नियमांतच ही सोय होती.

‘विका नाहीतर उपाशी राहा’

1874 मध्ये लष्करी अधिकारी कस्टर याच्या मोहिमेने ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागात सोनं असल्याची बातमी आणली आणि तहाने लकोटांना दिलेल्या प्रदेशात खाणवाले घुसले. सप्टेंबर 1875 मध्ये रेड क्लाउड एजन्सीजवळच सरकारी आयोगाने डोंगर विकत मागितले: 60 लाख डॉलर एकरकमी, किंवा वर्षाला 4 लाख भाड्याने. लकोटांनी नकार दिला. युद्ध पेटलं, जून 1876 मध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या लढाईत कस्टर मारला गेला, आणि ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा केला की ब्लॅक हिल्सवरचा हक्क सोडल्याशिवाय शिध्याला पैसे मिळणार नाहीत. 1868 च्या तहाप्रमाणे जमीन सोडायला तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागत. मिळाल्या दहा टक्क्यांच्या आसपास. तरीही डोंगर घेतले. 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह भरपाईचा हक्क मान्य केला. जमीन हवी, पैसे नकोत म्हणून लकोटांनी ती रक्कम आजवर उचललेली नाही.

1876 च्याच शरद ऋतूत भुकेने लष्करालाही पकडलं. जनरल क्रूक यांनी वेगासाठी गाड्या मागे ठेवल्या आणि जुजबी शिधा घेऊन सैन्य पाठलागाला काढलं. पावसाचा चिखल, दाणा नाही, शिधा संपला. घोडे बसू लागले आणि शिपायांनी तेच मारून खाल्ले. अमेरिकी लष्कराच्या इतिहासात ही कूच ‘घोड्याच्या मांसाची कूच’ म्हणूनच ओळखली जाते. ती फौज ऑक्टोबरमध्ये कॅम्प रॉबिन्सनला पोचून विसर्जित झाली. वर केलेला हिशेब कागदावरचा नाही तो असा.

ऑक्टोबर 1876 मध्ये कर्नल मॅकेन्झींनी रेड क्लाउड आणि रेड लीफ यांच्या वस्त्यांना पहाटे वेढा घालून हत्यारं आणि सातशेच्या आसपास घोडी काढून घेतली. घोडी गेली की शिकार गेली, आणि मग शिध्याच्या रांगेवाचून मार्ग उरत नाही. 6 मे 1877 रोजी लकोटांचा लढवय्या नेता क्रेझी हॉर्स सुमारे नऊशे माणसांसह शरण आला. त्याला स्वतंत्र एजन्सी हवी होती. तिच्याविषयी आश्वासनं फिरत राहिली आणि अफवाही. 5 सप्टेंबरला त्याला बोलणीसाठी म्हणून ठाण्यावर आणलं आणि गार्डहाउसकडे नेलं. आतल्या कोठड्या पाहताच तो मागे फिरला. त्याचाच जुना सोबती लिटल बिग मॅनने त्याचे हात धरले, झटापट झाली आणि पहाऱ्यावरच्या शिपायाची संगीन त्याच्या अंगात गेली. शेजारच्या अ‍ॅडज्युटंटच्या कार्यालयात त्या रात्री तो वारला. खाटेवर झोपायला त्याने नकार दिला, जमिनीवर अंथरूण घालून घेतलं. त्याच शरद ऋतूत एजन्सी तिथून हलवली आणि 1878 मध्ये ती पाइन रिज इथे स्थिरावली.

जानेवारी 1879

सप्टेंबर 1878 मध्ये तीनशेहून जास्त उत्तर शायान दक्षिणेकडची, आजच्या ओक्लाहोमातली एजन्सी सोडून आपल्या मूळ प्रदेशाकडे पायी आणि घोड्यांवर निघाले. तिथे हिवतापाने माणसं मरत होती आणि शिधा अपुरा होता. नेब्रास्कात त्यांचे दोन गट पडले. मॉर्निंग स्टार, ज्यांना डल नाइफ असंही म्हणतात, त्यांचा 149 जणांचा गट ऑक्टोबरमध्ये पकडला जाऊन फोर्ट रॉबिन्सनला आला. घोडदळाच्या पथकासाठी बांधलेल्या एका ओंडक्यांच्या बरॅकमध्ये बायका-मुलांसह सगळ्यांना ठेवलं. सुरुवातीला त्यांना बाहेर हिंडायची मोकळीक होती.

दक्षिणेला परत जा, असा हुकूम आला. मरू पण जाणार नाही, असं उत्तर मिळालं. ठाण्याचे प्रमुख कॅप्टन हेन्री वेसेल्स यांनी जानेवारीच्या सुरुवातीला अन्न आणि जळण बंद केलं, पुढे पाणीही. बाहेर बर्फ पडलेलं. खिडक्यांवरचा बर्फाचा थर खरवडून आत लोक तहान भागवत होते. 9 जानेवारीच्या रात्री दहाच्या सुमारास, फरशीखाली आणि अंगावर सुटे भाग करून लपवलेल्या थोड्या बंदुका जोडून, ते खिडक्यांतून बाहेर पडले. मागच्यांनी गोळ्या झेलल्या, बाकीचे नदीचा पूल ओलांडून पश्चिमेच्या कड्यांकडे पळाले. पाठलाग जवळपास दोन आठवडे चालला. अखेरचा मोठा गट 22 जानेवारीला अँटेलोप क्रीकजवळ एका खड्ड्यात वेढला गेला आणि तिथे बहुतेक मारले गेले. एकूण साठाहून जास्त शायान आणि अकरा शिपाई मेले. मॉर्निंग स्टार काही कुटुंबीयांसह निसटून, रात्री चालत, पाइन रिजला पोचले.

हुकूम वरून आला होता हे खरं. पण कैदेतल्या मुलांचं पाणी तोडायचा निर्णय ठाण्यावरच झाला, आणि त्याला लष्करी गरज म्हणणं कठीण आहे. मृतांपैकी काहींची हाडं ‘अभ्यासासाठी’ संग्रहालयांत गेली. ती 1993 मध्ये उत्तर शायान लोकांनी परत आणून मॉन्टानातल्या बस्बी इथे पुरली.

रेल्वे आली

1886 मध्ये फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिझुरी व्हॅली रेल्वे ठाण्याच्या हद्दीतूनच गेली. शेजारी क्रॉफर्ड गाव वसलं, झेंड्याच्या खांबाच्या प्रसंगातल्या त्याच एमेट क्रॉफर्डच्या नावाचं. दाणा आता दारात उतरू लागला. जुन्या, जास्त नावाजलेल्या फोर्ट लॅरमीकडे रेल्वे गेली नाही. लष्कराने ते 1890 मध्ये सोडलं आणि रॉबिन्सन वाढवलं. दोन्हींच्या नशिबातला फरक रुळांनी ठरवला.

1885 पासून इथे नवव्या घोडदळाची पथकं होती. 1866 मध्ये उभारलेली ही कृष्णवर्णीय शिपायांची रेजिमेंट, अधिकारी जवळपास सगळे गोरे. या शिपायांना ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणतात. त्यांच्यात पळून जाण्याचं प्रमाण गोऱ्या रेजिमेंटपेक्षा बरंच कमी होतं. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून उत्तीर्ण झालेले दुसरे आणि तिसरे कृष्णवर्णीय अधिकारी, जॉन अलेक्झांडर (1887) आणि चार्ल्स यंग (1889), दोघेही इथे नोकरीला होते. गावाशी संबंध ताणलेलेच. पथकातली कडक शिस्तही कधी अंगावर येई: मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेले सार्जंट इमॅन्युएल स्टॅन्स 1887 च्या नाताळात क्रॉफर्डच्या रस्त्यावर गोळ्या घातलेल्या अवस्थेत सापडले. संशय त्यांच्याच माणसांवर होता.

डिसेंबर 1890 मध्ये वुंडेड नी इथे लष्कराने केलेल्या लकोटांच्या हत्याकांडानंतर मेजर गाय हेन्री यांच्या हाताखालच्या याच रेजिमेंटच्या चार पथकांनी रात्रभर कूच करून, दीडेक दिवसात शंभराच्या आसपास मैल तोडून, ड्रेक्सेल मिशनपाशी लकोटांच्या कोंडीत अडकलेल्या सातव्या घोडदळाला सोडवलं. दाण्यावर पोसलेले, पाठ न लागलेले घोडे काय करू शकतात याचा हा नमुना. 1898 मध्ये रेजिमेंट क्यूबाच्या युद्धावर गेली. 1902 ते 1907 दहावं घोडदळ इथे होतं.

लढाई संपली, घोडा राहिला

पहिल्या महायुद्धानंतर ठाणं बंद व्हायचं, पण 1919 मध्ये लष्कराने ते रीमाउंट डेपो केलं: घोडे विकत घ्यायचे, पारखायचे, तयार करून फौजेला पुरवायचे. गवत, पाणी, रेल्वे आणि मोकळी जमीन, ही 1874 चीच कारणं आता वेगळ्या कामाला आली. पैदाशीची योजना सोपी होती. सरकारचे उमदे नर, बहुतेक थरोब्रेड जातीचे, शेतकऱ्यांकडे ठेवायचे. शेतकरी थोड्या शुल्कात आपल्या घोड्या दाखवून घेई आणि शिंगरू त्याचं. लष्कराला हवं तर ते बाजारभावाने घेई, न घेतलं तरी शेतकऱ्याकडे चांगला घोडा उरे. 1930 च्या दशकात ऑलिंपिकच्या अमेरिकी अश्वसंघाचा सरावही इथे होई.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी कुत्र्यांचं प्रशिक्षण केंद्र आणि जर्मन युद्धकैद्यांची छावणी आली. ट्रक जाऊ शकत नाहीत अशा डोंगरांत मात्र खेचरं लागतच होती, इटलीत आणि ब्रह्मदेशात. ब्रह्मदेशच्या जंगलात खेचरं घेऊन लढलेली, मेरिल यांच्या नावाने ओळखली जाणारी अमेरिकी तुकडी ऑक्टोबर 1943 च्या अखेरीस मुंबईत उतरली आणि देवळालीच्या छावणीत राहून पुढे गेली होती.

1948 मध्ये लष्कराने ठाणं सोडलं. शेती खात्याने 1971 पर्यंत तिथे मांसासाठीच्या गुरांवर संशोधन केलं आणि मग बहुतेक जागा राज्य उद्यानाकडे आली. आज 1905 ची मुख्यालयाची इमारत संग्रहालय आहे, 1909 ची विटांची बरॅक पर्यटकांच्या मुक्कामाला आहे, आणि 1887 ची कच्च्या विटांची अधिकाऱ्यांची घरं उभी आहेत. गार्डहाउस, अ‍ॅडज्युटंटचं कार्यालय आणि शायान कैद्यांची बरॅक मूळ जागीच, पण उत्खननात सापडलेल्या पायांवरून नव्याने उभारलेली आहेत. ओंडक्यांच्या फटी तिथेही लिंपाव्याच लागतात.